तांबडी फुली

खरं सांगा, न बघता 'बघितलं' असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात?

घाई नको, आठवून सांगा. बँकेतल्या अर्जावर? मुलाच्या शाळेच्या संमतिपत्रावर? मोबाइलवरच्या 'सर्व अटी मान्य' या चौकोनात? मी एक माणूस असा पाहिला, की ज्यानं आयुष्यात एकदाच न बघता सही केली, आणि त्या एका सहीनं त्याचं उरलेलं आयुष्य खाल्लं.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पाठीमागं सगळा कारखाना त्यांना 'नो-गो' म्हणायचा. कारखान्याबाहेरच्यांसाठी सांगते. भोकाचं माप तपासायला एक गुळगुळीत पोलादी दांडी असते, तिला गेज म्हणतात. तिचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. जाऊ नये ते टोक म्हणजे नो-गो. ते आत गेलं तर भोक मोठं झालं, माल बाद. अण्णांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी हे गेज असायचं. लग्नातसुद्धा.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचा कारखाना. भट्टीतून ओतून आलेले लोखंडी भाग घासून, भोकं पाडून ट्रॅक्टर कंपन्यांना पाठवायचे. अण्णा तपासणी विभागाचे प्रमुख. मी डिप्लोमा संपवून त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा विभागात तीन टेबलं, एक तांबड्या रंगाची डबी, एक हिरव्या रंगाची डबी आणि अण्णा, एवढंच होतं. हिरवा ठिपका म्हणजे माल पास. तांबडी फुली म्हणजे बाद. एक नियम त्यांनी स्वतः घातलेला आणि स्वतःच राखलेला: ज्यानं फुली मारली त्यानंच ती पुसायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मालकानंसुद्धा नाही. बाद माल पुन्हा भट्टीत जायचा. अण्णा म्हणायचे, "वितळला की पाप फिटलं त्याचं. मग खुशाल नवीन जलम घेऊ दे."

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "वडील काय करत्यात?"

"छापखान्यात होते. आणि मोर्चाची पत्रकं वाटायचे."

खोटं नव्हतं ते. आमच्या घरी देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या वह्यांना असायची. भूगोलाच्या वहीवर 'उठा', गणिताच्या वहीवर 'जाब विचारा'. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले.

"म्हंजे तू पत्रकबाई," अण्णा म्हणाले. "बरं. हितं घोषणा न्हाय चालत. हितं माप चालतंय."

तेव्हापासून मी पत्रकबाई.

त्यांना सगळं ठोकून बघायची खोड. ओतीव लोखंडावर हातोडीनं हलकं टिचकावलं की चांगला भाग घंटेसारखा वाजतो आणि आत फुगा राहिलेला भाग बद्द वाजतो. वरून चकाचक, आत पोकळ. हा कान त्यांना कारखान्यानं दिला आणि तो त्यांनी घरी नेला. नारळ, कलिंगड, माठ, भाड्यानं आणलेल्या खुर्च्या, सगळं ठोकून. मुलीचं स्थळ बघायला पुण्याला गेले तर त्या घराची दाराची चौकट ठोकली. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तिथल्या तिथं कोपर मारलं. परत येताना त्यांनी निकाल दिला, "पोरगा बरा हाय. चौकट वाळवीनं खाल्लीया." लग्न झालं. पुढच्या पावसाळ्यात ती चौकट बदलावी लागली, हे ते पुढं कित्येक वर्षं सांगायचे.

कोल्हापुरात संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं. लोक फेसाळता पेला हातात घेतात आणि उभ्या-उभ्या पितात. अण्णा पेला घेऊन थांबायचे. शेजारचे दोन पेले संपवून निघून जायचे, हे तसेच.

"अण्णा, प्या की. गार व्हायलंय."

"फेस बसू दे. मग कळतंय दूध किती हाय."

दूधवाला हसायचा, पण अण्णांच्या पेल्यात तो जरा जास्तच ओतायचा. 'फेस बसू दे' हे वाक्य त्यांनी आयुष्याला लावलं होतं. निवडणुकीचं भाषण ऐकलं, फेस बसू दे. मालकांनी बोनस जाहीर केला, फेस बसू दे. मी एकदा तावातावानं कंत्राटी कामगारांच्या पिळवणुकीवर बोलत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "झालं? फेस बसला? आता सांग, हातमोजे किती जणांना मिळालं न्हाईत?" मला आकडा माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी मोजून आणला. एकोणीस. अण्णा तो कागद घेऊन मालकांकडं गेले आणि एकोणीस जोड्या घेऊनच बाहेर आले. माझ्या वडिलांची अख्खी हयात पत्रकं वाटण्यात गेली. मला एकोणीस या आकड्याचं वजन त्या दिवशी कळलं.

असा माणूस लोकांना आवडतो असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कारखान्यात काम केलेलं नाही. महिनाअखेरीला ट्रक दारात उभा असायचा, मॅनेजर घामाघूम, आणि अण्णा बाद मालाच्या खोक्यावर बसून भाकरी खात असायचे. खोक्यावरून उठले असते तर कुणीतरी ते ट्रकात चढवलं असतं. माल गेला नाही की कामगारांचा जादाचा पगार बुडायचा. त्यामुळं मालकही नाराज, कामगारही नाराज. कॅन्टीनमध्ये सहा जणांच्या टेबलावर अण्णा एकटे जेवायचे. मी नवीन होते, दुसरीकडं जागा नव्हती, म्हणून त्यांच्यासमोर बसले. नंतर दुसरीकडं जागा होती तरी बसत राहिले.

निवृत्तीच्या दिवशी मालकांनी मानपत्र वाचलं. "बत्तीस वर्षांची अतुलनीय सेवा..."

"एकतीस वर्षं चार म्हयनं," अण्णा मध्येच म्हणाले.

सगळे हसले. भेट म्हणून घड्याळ देणार होते. अण्णांनी घड्याळ नको म्हटलं आणि आपला पंच मागितला. प्रत्येक तपासनिसाचा एक पोलादी ठसा असतो. हातोडीनं मारला की लोखंडात कायमचा खड्डा उमटतो. अण्णांचा ठसा म्हणजे गोलात सतरा. "माझ्या नंबरानं दुसऱ्या कुणी माल पास करू नये," ते म्हणाले. मालकांनी पंच दिला.

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी गाडी घेतली. काकींचे गुडघे गेले होते, एसटीच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. माहेर आजऱ्याला. लग्न झाल्यापासून त्यांच्या मनात एकच होतं, एकदा आपल्या गाडीतून माहेरच्या दारात उतरायचं. अण्णांनी शब्द दिला होता, रिटायर झालो की.

गाडी घ्यायला मीही गेले होते. शोरूममध्ये गाडीवर तांबडं मखमली कापड. ते काकींना ओढायला लावलं. टाळ्या. केक. पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन फोटो. काकींनी नवी इरकल नेसली होती आणि चेहरा असा, की जणू गाडी नव्हे, त्याच नव्या करकरीत आहेत. मग टाय बांधलेल्या एका मुलानं पाटीला लावलेला कागद पुढं केला.

"सर, हे डिलिव्हरी चेकलिस्ट. सगळे पॉइंट चेक केले म्हणून इथं साइन."

अण्णांनी खिशातून चष्मा काढला. कागद वाचला. गाडीकडं वळले आणि बॉनेटवर टिचकी मारायला बोट उचललं.

"अहो," काकी हळूच म्हणाल्या, "आज तरी ठोकून बघू नगा. लोकं हसाय लागल्यात."

लोक खरंच हसत होते. अण्णांनी काकींकडं पाहिलं. बोट खाली आलं. त्यांनी सही केली. मी ती बघितली. एकतीस वर्षं चार महिन्यांत न बघता केलेली पहिलीच.

ऊसतोडीचे दिवस होते. दोनच आठवड्यांनी ते आजऱ्याला निघाले. पुढं ट्रॅक्टर, त्याला उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. उतारावर गाडीतले सगळे दिवे एकदम लागले आणि एकदम गेले. इंजिन बंद. स्टेअरिंग दगड. ब्रेकवर पाय मारला तर तोही दगड. गाडी मात्र चाललेली, ट्रॉलीकडं. अण्णांनी हँडब्रेक थोडा-थोडा ओढला, दोन्ही हातांनी सगळं अंग टाकून स्टेअरिंग डावीकडं दाबलं आणि गाडी रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात घातली. काकींच्या मांडीवर माहेरासाठी लाडवांचा डबा होता. लाडू काचेवर फुटले. काकींचं मनगट मोडलं. ट्रॉली पुढं निघून गेली. ट्रॅक्टरवाल्याला कळलंही नाही.

दहा मिनिटांनी अण्णांनी बटण दाबलं, तर गाडी सुरू झाली. मऊ, गोड, काही झालंच नाही अशी.

"बंद पडली त्याचं न्हाय," ते मला म्हणाले होते, "चालू झाली, त्याचं भ्या वाटलं मला."

शोरूमनं गाडी आठ दिवस ठेवून घेतली. मग फोन आला, घेऊन जा. मी अण्णांना स्कूटरवर घेऊन गेले. टायवाला मुलगा हसतमुख.

"सर, स्कॅनर लावला. सिस्टीममध्ये काहीच फॉल्ट शो होत नाहीये. गाडी एकदम ओके आहे."

"सापडला न्हाय म्हंजे न्हाय, हे कुठं लिवलंय पावणं?"

"सर, कंपनीचा रिपोर्ट आहे."

"उतारावर तपासली?"

"तसं नसतं सर..."

"मग कसं असतंय?"

मॅनेजर आले. त्यांनी फाइल उघडली आणि तो कागद काढला. "सर, डिलिव्हरीच्या वेळी सगळं चेक करून तुम्हीच सही केलीय. बघा. तुमचीच आहे ना?"

अण्णांनी आपली सही बघितली. मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि तांबड्या रंगाची डबी काढली. ब्रश बुडवला. त्या चकचकीत फरशीवर, त्या फुग्यांखाली, पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ. मग आडवी दुसरी.

"अहो सर! काय करताय! सिक्युरिटी!"

"ओरडताय कशाला? माझीच हाय की. सही हाय न्हवं माझी?"

रंग ओघळत होता. अण्णांनी बॉनेट उघडलं. आत डाव्या बिजागरीवर पंच धरला आणि हातोडीचा एकच ठोका मारला. गोलात सतरा. शेजारी छिन्नीनं छोटी फुली. किल्ली काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "बाद."

बाहेर आल्यावर मी पेटले होते. त्या रात्री मी पत्रक लिहिलं. 'नफेखोर भांडवलशाहीचा जीवघेणा खेळ.' दोन पानं. सकाळी त्यांना दाखवलं. त्यांनी तांबडी पेन्सिल काढली. 'नफेखोर'वर फुली. 'जीवघेणा'वर फुली. "'भयंकर' म्हंजे किती?" फुली. "'सर्वसामान्य जनता' कोण? गाडीत आमी दोघंच हुतो." फुली. दोन पानांत एक वाक्य राहिलं: गाडी उतारावर बंद पडली.

मी चिडले. "अण्णा, अन्याय मोजता येतो का?"

"न्हाय येत. म्हणून लिवू नको असं कुठं म्हणलोय? मोजता येतंय ते आधी लिव. मग अन्याय आपोआप दिसतोय."

ग्राहक आयोगाकडं तक्रार त्यांनी स्वतः लिहिली. एक पान. त्यात दिवे लागल्यापासून मुरमाचा ढीग येईपर्यंतचे सेकंद होते. अकरा. प्रत्येक सेकंदाला काय झालं त्याची एक ओळ.

त्या अकरा सेकंदांनी त्यांचं घर रिकामं केलं. ते रोज काकींना विचारायचे. जेवताना, चहा पिताना, काकी भिंतीकडं तोंड करून पडलेल्या असताना. "तू 'अहो' म्हणलीस ते दिवं गेल्यावर का आधी?" "डबा सटाकला तवा मी ब्रेक मारला हुता का?" काकी आधी उत्तरं देत. मग डोळे मिटून घेत. मग एके दिवशी मुलगी पुण्याहून आली आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना घेऊन गेली. ऑपरेशन झालं. काकी आल्या नाहीत. शेजारी विचारत, तेव्हा अण्णा म्हणत, "सांध्याचं काम हाय. येळ लागतोय." दोन वर्षं ते हेच म्हणत होते. संध्याकाळी सात वाजता फोन करायचे. मी दोन-तीनदा तिथं होते. "जेवलीस? पाऊस हाय का? बरं." एवढंच. मग फोन ठेवून ते त्याच्याकडं बघत बसायचे, त्याचाही फेस बसायची वाट बघत असल्यासारखे. स्वयंपाकघरात एक ताट, एक वाटी, एक पेला. बाकीची भांडी त्यांनी कपाटात पालथी घातली होती.

अण्णा जिंकले. आयोगानं निकाल दिला, गाडी परत घ्या, पैसे परत द्या. वकील पेढे घेऊन आले. अण्णांनी पेढा हातात धरून विचारलं, "आणि गाडीचं काय करायचं?"

"आता ती त्यांची. त्यांचं ते बघतील."

"भट्टीत घालतील?"

वकील हसले. निकालात तसं काही नव्हतं. शोरूमचे मॅनेजर म्हणाले, "भंगारात काढतो, शब्द देतो." अण्णांनी लेखी मागितलं. चिठ्ठी आली, 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' या पाच शब्दांइतकं पोकळ ओतकाम मी भट्टीवरही पाहिलेलं नाही. टिचकी न मारताही बद्द वाजतं.

म्हणून अण्णांनी सोमवार सुरू केले. आमच्याकडं कारखान्याची सुट्टी सोमवारी. दर सोमवारी सकाळी दोन बस बदलून ते शोरूमच्या मागच्या आवाराशी जायचे. कुंपणाच्या आत, कडेला ती गाडी उभी असायची, बॉनेटवर फुलीसकट. गेटवरचा वॉचमन राधानगरीकडचा. त्यानं त्यांना एक खुर्ची ठरवून टाकली होती.

"या अण्णा. हाय बघा तुमची म्हस दावणीला."

"वैरण-पाणी?"

"एकदम टकाटक."

दोघं चहा प्यायचे. अण्णा वहीत तारीख घालून लिहायचे: 'आहे.' मग परत दोन बस.

सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. मुलगी फोनवर रडली. जावई म्हणाले, पैसे मिळाले, विषय संपला. मीसुद्धा एकदा विचारलं, "अण्णा, त्यांनी विकायला काढली तर तुम्ही काय करणार? अडवता तर येणार नाही."

"अडवायची कशाला? घेणाऱ्याला सांगायचं. गड्या, ही बाद हाय. उतारावर न्हेऊ नको. मग घेऊ दे न्हाय तर न घेऊ दे. पर त्यानं बघून घ्यावी." मग म्हणाले, "माझ्या सहीनं ती गाडी रस्त्यावर आली. तिच्यात उद्या कोण बसंल, त्याचं नाव मला ठावं पायजे."

एवढंच हवं होतं त्यांना. एका अनोळखी माणसाला एक वाक्य सांगायचं होतं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. शेजारीण डबा द्यायची, एक बाई सकाळ-संध्याकाळ येऊन त्यांचं करून जायची. काकींना कळवू का, विचारलं तर मान हलवून नको म्हणाले. मला मात्र त्यांनी वही दिली.

"पत्रकबाई, सोमवार तुझं."

मी जात राहिले. चार महिने एकही सोमवार चुकवला नाही. बघायचं, वहीत लिहायचं, फोन करायचा. "आहे अण्णा." "फुली दिसती?" "दिसते." "बरं."

तोवर लोक मला भाषणाला बोलावू लागले होते. कामगारांची सुरक्षा, ग्राहकांचे हक्क. एका सोमवारी इचलकरंजीत सभा होती. विषय होता 'जबाबदारी कुणाची?' मी बसमध्येच वहीत 'आहे' लिहिलं, अण्णांना फोन केला आणि म्हणाले, "आहे अण्णा." जीभ अडखळली. पुढच्या सोमवारी दुसरी सभा. "आहे अण्णा." जीभ अडखळली नाही. तिसऱ्या सोमवारी मी वर आणखी म्हणाले, "धूळ बसलीय बघा तिच्यावर."

"पुढच्या येळी पुसून घे," अण्णा म्हणाले. "फुली झाकायला नको."

चौथ्या सोमवारी मी फडकं घेऊन गेले. गाडीच्या जागी कोरडा चौकोन होता आणि त्यावर गवत उगवायला लागलं होतं.

वॉचमन उठून उभा राहिला. "ताई, गेली की ती. तीन आठवडं झालं. मला वाटलं तुमास्नी ठावं हाय, म्हणून येत न्हाईसा."

"कुणी नेली?"

"पुन्हा पांढरीच रंगवून चकाचक केली हुती. नवरा-बायको हुती, सीमेपलीकडची. कानडी बोलत हुती. बाई पुढं बसली, मांडीवर बारकी पोरगी. पोरीनं मला टाटा केला." त्यानं खुर्ची पुढं सरकवली. "मी सांगणार हुतो त्यांस्नी. पर मालक हितंच हुबं हुतं, ताई."

माझ्याजवळ कुणी मालक उभा नव्हता. मी व्यासपीठावर होते.

अण्णांच्या घरी गेले. ते खिडकीपाशी खाटेवर, उशाशी स्वयंपाकघरातला तोच एक पेला. मी सगळं सांगितलं. रडले नाही, रडायचा हक्क नव्हता. त्यांनी तोंडाच्या चालणाऱ्या बाजूनं विचारलं, "किती सोमवार?"

"तीन."

"वही."

मी वही दिली. तांबडी पेन्सिल दिली. माझ्या अक्षरातल्या तीन 'आहे'वर त्यांनी तीन फुल्या मारल्या. सावकाश, दोन्ही रेघा मधोमध छेदतील अशा.

"माझी एक," ते म्हणाले. "तुझ्या तीन."

मग म्हणाले, "च्या घे." आणि मी चहा केला, आणि पालथ्या भांड्यांतला दुसरा पेला काढून सुलटा ठेवला, आणि आम्ही प्यायलो. निघताना ते म्हणाले, "आता लिव पत्रक. फेस नको."

मी लगेच लिहिलं नाही. आधी शोध घेतला. ऑनलाइन जुना नंबर टाकला, तर मालकाच्या नावाच्या जागी नुसत्या फुल्या आणि गाडी दुसऱ्या राज्यात गेल्याची नोंद. अर्ज केले, उत्तर आलं, तिऱ्हाइताची खासगी माहिती, देता येत नाही. तिकडं नंबरही नवा मिळाला असणार. या शोधात पाच महिने गेले, आणि अण्णाही गेले.

शेवटच्या आठवड्यात काकी आल्या होत्या. पुण्याहून एसटीनं, कारण गाडीत त्या आता बसत नाहीत. दिवसकार्य झाल्यावर त्यांनी मला पंच दिला. हातरुमालात गुंडाळलेला. मी विचारलं नव्हतं, त्याच बोलल्या.

"रोज इचारायचं गं. दिवं आधी का ब्रेक आधी. मला वाटायचं, आता म्हणतील, मग म्हणतील, की तूच म्हणलीस ठोकून बघू नगा. मीच म्हणलो हुतो. लोकं हसाय लागल्यात म्हणून मीच थांबवलो त्यांस्नी."

"म्हणाले कधी?"

"एकदाबी न्हाय." काकींनी पदर तोंडाला लावला. "म्हणले असते तर मी ऱ्हायलो असतो."

दोन वर्षं रोज संध्याकाळी सात वाजता फोनवर पाऊस आहे का हे बोललं जात होतं, आणि दोघंही आपापल्या टोकाला एकाच गुन्ह्याची शिक्षा एकेकटी भोगत होती. ज्यांचा गुन्हा होता त्यांच्या शोरूममध्ये तेव्हा रोज केक कापला जात होता.

हे वाक्य अण्णांनी खोडलं असतं. केक रोज कापतात हे मी मोजलेलं नाही.

तर हे ते पत्रक. हे वाचून एक काम करा. तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कुणी गेल्या वर्षभरात जुनी पांढरी गाडी घेतली असेल, इकडं किंवा सीमेपलीकडं, तर आज बॉनेट उघडा. आत डावी बिजागरी बघा. तिच्यावर गोलात सतरा आणि शेजारी छोटी फुली असेल, तर गाडी आहे तिथंच उभी करा. ती चालू होईल, मऊ, गोड. तरी उतारावर नेऊ नका. पुढच्या सीटवर कुणी लेकरू मांडीवर घेऊन बसत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा. मराठी येत नसेल तर कानडीत सांगा.

रंगाखाली दिसणार नाही. बोटानं चाचपा. आणि मग कुणी विचारलं, बघितलं का, तर बघून सांगा.